हरकतीची मुदत

फेरफाराच्या नोंदीला हरकत घ्यायची मुदत १५ दिवसांची असते. माणूस गेला की घरातले अर्ज करतात, तलाठी नोंद धरतो, तिची प्रत चावडीवर लागते, ज्यांचा संबंध असेल त्यांना नोटिसा जातात. मुदतीत कोणी पुढे आलं नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो आणि नवी नावं सातबाऱ्यावर चढतात. कोणी हरकत घेतली तर नोंद तक्रारीत जाते आणि दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यावं लागतं. महसूल खात्यात मी ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी या कागदांत गेली. हक्क बाप गेला त्याच घडीला येतो, असं कायदा म्हणतो. तरी तो चावडीवर मांडावा लागतो, आणि ज्याला काही म्हणायचं आहे त्याला म्हणू द्यावं लागतं.

एका गावातली गोष्ट मनातून जात नाही. तीन भावांनी वारस नोंदीचा अर्ज दिला होता, एकुलत्या बहिणीचं नाव गाळून. चौदाव्या दिवशी ती एस.टी.नं आली, चावडीत माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, माझं नाव का न्हाई?" थोरला भाऊ शेजारीच होता. तो चिडला नाही, आवाजही चढवला नाही. म्हणाला, "आमच्यात तशी रीत नाही, मॅडम."

तो माणूस लबाड नव्हता, हे मला आजही ठामपणे वाटतं. गावात चौकशी केली तेव्हा कळलं, अंथरुणाला खिळलेल्या बापाचं तीन वर्षं सगळं याच भावानं केलं होतं. बहिणीला दर भाऊबीजेला साडी जायची, तिच्या पोरांच्या बारशाला हा स्वतः बैलगाडी जुंपून गेला होता. बापाची सेवा, बहिणीची साडी आणि सातबाऱ्यावरून तिचं गाळलेलं नाव, या तिन्ही गोष्टी त्याच्याकडे एकाच वाटेनं आल्या होत्या. त्या वाटेला तो रीत म्हणत होता.

निवृत्तीनंतर हेगेल या जर्मन तत्त्वज्ञाचं राज्यविचारावरचं पुस्तक वाचायला घेतलं तेव्हा हा भाऊ पानापानावर भेटू लागला.

कॉलेजात असताना पुण्यात एका अभ्यासवर्गाला जायचे. तिथे हेगेल आमच्या वाट्याला एका वाक्यापुरता आला होता. हेगेल डोक्यावर उभा होता, मार्क्सनं त्याला पायांवर उभं केलं. त्यामुळे पायांवरचा वाचायचा, डोक्यावरचा सोडून द्यायचा. आणि राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात त्याचं नाव 'राज्याला ईश्वर मानणारे' या सदराखाली असायचं. मराठी वाचकाला हेगेल बहुधा या दोनच दारांतून भेटला. तिसरं दार जर्मनीत आणि इंग्लंडात पावणेदोनशे वर्षं उघडं आहे, त्यातून रूढिप्रिय, परंपरेचे पाईक म्हणवणारे लोक ये-जा करत असतात, हे मला साठीनंतर कळलं. त्यांनी या जर्मन चिद्वाद्यांच्या, म्हणजे जगाच्या मुळाशी विचार आहे असं मानणाऱ्यांच्या, राज्यविचारात काय पाहिलं, त्यातलं बरोबर किती आणि सोयीचं किती, हे मला स्वतःपुरतं नीट लावून घ्यायचं होतं. पस्तीसेक वर्षांपूर्वी त्या चावडीत मी जे केलं, त्याचा हिशेब त्यात कुठेतरी होता.

त्या पुस्तकाचा काळ आधी सांगायला हवा. २३ मार्च १८१९ रोजी मॅनहाइममध्ये कार्ल झांड नावाच्या विद्यार्थ्यानं कोत्सेबू या नाटककाराला भोसकून मारलं. कोत्सेबू रशियाच्या झारला बातम्या पुरवतो, असा त्याच्यावर राग होता. ऑस्ट्रियाचा परराष्ट्रमंत्री मेटर्निख याला निमित्त मिळालं. त्याच वर्षी सप्टेंबरात कार्ल्सबादचे हुकूम निघाले: प्राध्यापकांवर पाळत, विद्यार्थी संघटनांवर बंदी, छापील मजकुरावर सेन्सॉर. हे हुकूम घडवण्यात फ्रीडरिख गेंत्स या लेखणीबहाद्दराचा मोठा हात होता. हा गेंत्स तरुणपणी क्योनिग्सबर्गमध्ये तत्त्वज्ञ कांटच्या वर्गात बसलेला. १७९३ साली त्यानं एडमंड बर्क या इंग्लंडातल्या मुत्सद्द्याचं फ्रेंच क्रांतीविरुद्धचं पुस्तक जर्मनमध्ये आणलं. त्याच साली कांटनं राजाविरुद्ध बंड करायचा हक्क प्रजेला नाही, असं लिहून ठेवलं होतं. म्हणजे कांट जिवंत असतानाच त्याच्या विचाराची एक वाट मेटर्निखच्या कचेरीकडे निघाली होती. कांटच्या मागून आलेल्या फिख्टे या तत्त्वज्ञाचंही तसंच. फ्रेंच सैन्यानं व्यापलेल्या बर्लिनमध्ये १८०७-०८ च्या हिवाळ्यात त्यानं जर्मन राष्ट्राला उद्देशून व्याख्यानं दिली आणि पुढच्या पिढ्यांनी त्यातून हवं ते उचललं. पण त्या दोघांवर मी थांबणार नाही. माझं अडलेलं होतं हेगेलपाशी.

हेगेल १८१८ मध्ये प्रशियाच्या राजधानीत, बर्लिनला आला आणि या धरपकडीत त्याचं पुस्तक तयार झालं. प्रस्तावनेखाली तारीख आहे २५ जून १८२०. त्या प्रस्तावनेत त्यानं फ्रीस या सहकारी तत्त्वज्ञावर, तोही पाळतीखाली असताना, जबर टीका केली आणि ते प्रसिद्ध वाक्य लिहिलं: जे विवेकाला धरून आहे ते वास्तव आहे, आणि जे वास्तव आहे ते विवेकाला धरून आहे. वाचणाऱ्यांनी कपाळाला हात लावला. पोलीस दारात, वर्तमानपत्रं बंद, प्रशियाच्या राजानं मे १८१५ मध्ये दिलेलं राज्यघटनेचं वचन हवेत, आणि हा माणूस म्हणतो आहे ते बरोबरच आहे!

त्याच जुलैत हेगेल ड्रेस्डेनला गेला होता. १४ तारखेला त्यानं मित्रांसाठी उंची शँपेन मागवली आणि बॅस्टील पडल्याच्या दिवसासाठी पेला उचलला. प्रस्तावनेवरची शाई वाळून तीन आठवडेही झाले नव्हते.

या दोन तारखा मी वहीत एकाखाली एक लिहून ठेवल्या आहेत. बाकीचं पुस्तक त्या दोन ओळींच्या मधल्या जागेत वाचायचं, असं मी ठरवलं.

तर ते वाक्य. जर्मनमध्ये तिथे 'व्हिर्कलिख' असा शब्द आहे. त्याच्या पोटात 'काम करणं, परिणाम घडवणं' असं क्रियापद आहे. 'जे जे आहे ते' असा त्याचा अर्थ नाही, हे हेगेलनं १८२७ साली आपल्या ज्ञानकोशवजा ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत चिडूनच स्पष्ट केलं. आजूबाजूचं किती तरी असं आहे की जे असायला नको, हे न दिसण्याइतका आंधळा कोण आहे, असा त्याचा सूर आहे. मराठी वाचकाला हे समजायला तत्त्वज्ञान लागत नाही. आपण 'खरा' हा शब्द दोन तऱ्हांनी वापरतो. 'हे खरं घडलं' यातला खरा वेगळा आणि 'खरा मित्र' यातला वेगळा. खोटा मित्रही हाडामांसाचा असतो, समोर बसून चहा पितो. पण मैत्रीला उतरत नाही म्हणून आपण त्याला खरा म्हणत नाही. गंमत अशी की खऱ्या मित्राचं उदाहरण हेगेलनंही वर्गात दिलं होतं, विद्यार्थ्यांच्या टिपणांत ते आहे. तसंच राज्याचं. पोलीस, तुरुंग, शिक्के असलेलं प्रत्येक राज्य त्या अर्थानं खरं ठरत नाही.

आणि टिपणांचं म्हणाल तर १८१९-२० च्या हिवाळ्यातल्या वर्गातलं एक टिपण १९८३ साली डीटर हेनरिखनं छापलं. त्यात तेच वाक्य वेगळं आहे: जे विवेकाला धरून आहे ते वास्तव *होतं*, आणि वास्तव विवेकाला धरून *होत जातं*. 'आहे'च्या जागी 'होणं' आलं. सेन्सॉरच्या टेबलावर जाणाऱ्या पुस्तकात एक आणि बंद खोलीत एक. काही अभ्यासकांनी यावरून दोन हेगेल काढले, एक भित्रा आणि एक खरा. मला ते पटत नाही. सरकारी नोकरीत मी इतकी वर्षं टिपण्या लिहिल्या आहेत, एकच गोष्ट वरिष्ठांना कशी लिहायची आणि अर्जदाराला कशी सांगायची हे मला ठाऊक आहे. त्यात खोटेपणा असतोच असं नाही.

आता रूढिप्रिय वाचकांकडे येते. त्यांचं पहिलं म्हणणं असं, की माणूस एकटा, कोरा, सगळ्या बंधनांबाहेर उभा राहून स्वतंत्र होत नाही. तो घरात, भाषेत, गावात, धंद्यात, कायद्यात वाढतो आणि त्या सगळ्यांतून त्याचं स्वातंत्र्य घडतं. हेगेलचा यासाठीचा शब्द 'जिट्लिखकाइट'. आपल्याकडे त्याचं 'नीतिजीवन' वगैरे भाषांतर करतात, पण त्या शब्दाच्या मुळाशी 'जिट्टं' आहे, आणि 'जिट्टं' म्हणजे सरळ रीत. थोरल्या भावाचा शब्द. मुलाला चांगलं वळण कसं लावू, असं विचारणाऱ्या बापाला एका पायथागोरसपंथीयानं दिलेलं उत्तर हेगेल नोंदवतो: त्याला चांगले कायदे असलेल्या राज्याचा नागरिक कर. यात फार खोल शहाणपण आहे. उपदेशानं माणसं घडत नाहीत, पायाखालच्या रस्त्यानं घडतात.

दुसरं म्हणणं क्रांतीबद्दल. सगळं मोडून कोऱ्या पाटीवर स्वातंत्र्य लिहायला गेलं की काय होतं, ते हेगेलनं १८०७ सालीच लिहिलं. गिलोटिनखालचं मरण कोबीचा गड्डा चिरण्याइतकं अर्थहीन होतं. आणि राज्यघटना कागदावर रचून लोकांना भेट देता येत नाही. नेपोलियननं स्पेनला दिलेली घटना आधीच्यापेक्षा अधिक विवेकी होती, तरी स्पॅनिश लोकांनी ती परकी म्हणून झिडकारली, हे उदाहरण त्यानं वर्गात दिलं. हे वाचताना मी मान डोलावली. चांगल्या हेतूनं वरून आलेली परिपत्रकं गावात पोचेपर्यंत कशी सुकतात, ते मी पाहिलं आहे.

तिसरं म्हणणं अधिकारीवर्गाबद्दल. स्वतःचं पोट राज्य भरतं म्हणून ज्याला सगळ्यांचं हित पाहायला मोकळीक आहे, अशा वर्गाला हेगेल 'सार्वत्रिक वर्ग' म्हणतो. ते कलम मी दोनदा वाचलं, कारण त्यात मी होते. माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी, अगदी साध्या कारकुनांनीही, स्वतःकडे तसं पाहिलं होतं.

इथवर रूढिप्रिय वाचकांशी माझं भांडण नाही. भांडण पुढे सुरू होतं, आणि ते मी नव्हे, हेगेलनंच सुरू केलं आहे.

बर्नचा कार्ल लुडविग फोन हालर हा त्या काळातल्या जुन्या व्यवस्थेचा सगळ्यांत मोठा वकील. बलिष्ठानं राज्य करावं ही देवाची सनातन योजना आहे, राज्य ही राजाची घरगुती मालमत्ता आहे, लिखित कायदे आणि घटना ही नसती उठाठेव आहे, असं त्याचं सहा खंडी म्हणणं. ऑक्टोबर १८१७ मध्ये वार्टबर्गच्या मेळाव्यात विद्यार्थ्यांनी त्याचं पुस्तक जाळलं होतं. त्या विद्यार्थ्यांच्या भावनावेगावर प्रस्तावनेत तुटून पडलेला हेगेल, २५८ व्या कलमाखाली एक लांबलचक टीप लिहितो आणि त्यात हालरचं पान न् पान उलगडून दाखवतो. कायद्याचा, आणि कायद्यानं ठरलेल्या हक्काचा द्वेष ही या विचाराची खूण आहे, असं तो म्हणतो. सत्तेला हात लावायचं धाडस नसलेला माणूस अशी टीप लिहीत नाही. बर्लिनच्या दरबारात, युवराजाभोवतीच्या मंडळींत, हालरचे भक्त बसलेले होते.

साविन्यीचं प्रकरणही तसंच. कायदा लोकांच्या जीवनातून आपोआप उगवतो, तो संहितेत बांधायची घाई करू नये, असं बर्लिनच्या या थोर कायदेपंडितानं १८१४ मध्ये मांडलं होतं. ऐकायला हे हेगेलसारखंच वाटतं. रीत, परंपरा, लोकांचं जीवन. पण हेगेलचं उत्तर आहे की सुसंस्कृत लोकांना स्वतःची संहिता रचता येत नाही असं म्हणणं हा त्या लोकांचा अपमान आहे. कायदा माणसाला बांधतो, तर तो त्याला कळलाही पाहिजे. डायोनिसियस या जुलमी राजानं कायदे इतक्या उंचावर टांगले की कोणाला वाचता येऊ नयेत. जाडजूड ग्रंथांत, निवाड्यांच्या ढिगाऱ्यात, परक्या भाषेत कायदा पुरून ठेवणं हा त्याच जातीचा अन्याय आहे, असं २१५ वं कलम सांगतं. मी हे कलम एका तरुण तलाठ्याला फोनवर वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे नोटीस इतकी अवघड असते की ज्याला मिळते तो ती वाचून घ्यायला माझ्याकडेच येतो."

आपल्याशी थेट नातं असलेली एक जागा याच पुस्तकात आहे, आणि ती मराठीत फार कमी सांगितली जाते. १८७६ मध्ये ऑक्सफर्डच्या ब्रॅडली या तत्त्वज्ञानं 'माझं स्थान आणि त्याची कर्तव्यं' अशा अर्थाचं प्रकरण हेगेलच्या छायेत लिहिलं. आपल्याकडच्या काही विचारवंतांना त्यात गीतेतला स्वधर्म दिसला, आणि स्वधर्मातून वर्ण दिसायला वेळ लागत नाही. ज्याचं जे स्थान त्यानं ते पाळावं, असं जर्मनीतला सगळ्यांत मोठा तत्त्वज्ञही म्हणतो, असा दिलासा त्यात होता. पण हेगेल २०६ व्या कलमात नाव घेऊन सांगतो की माणूस कोणत्या वर्गात जाईल हे प्लेटोच्या राज्यात राज्यकर्ते ठरवत, भारतीय जातींत ते केवळ जन्मावर ठरतं, आणि आधुनिक राज्यात ते माणसाच्या स्वतःच्या निवडीवर सोपवलं पाहिजे. १८२७ मध्ये विल्हेल्म फोन हुंबोल्टच्या गीतेवरच्या व्याख्यानांचं परीक्षण लिहिताना त्याची मुख्य तक्रार हीच होती: इथे कर्तव्य जन्मानं चिकटलं आहे, मनानं पत्करलेलं नाही. भारताबद्दल हेगेल पुष्कळदा अर्धवट आणि उर्मट बोलला आहे, ते मी झाकणार नाही. या एका गोष्टीत मात्र त्यानं बोट बरोबर जखमेवर ठेवलं.

मग हेगेलला राज्यपूजक केलं कुणी? मला सापडलेलं उत्तर अनपेक्षित होतं. ते काम बव्हंशी त्याच्या उदारमतवादी विरोधकांनी केलं. रुडोल्फ हाइम हा १८४८ च्या फ्रँकफर्ट संसदेचा सदस्य. ती संसद कोसळली, स्वप्नं गेली, आणि १८५७ मध्ये त्यानं हेगेलवर पुस्तक लिहून त्याला प्रशियाच्या प्रतिगामी राजवटीचा तत्त्वज्ञ ठरवलं. प्रशियाचे खरे प्रतिगामी मात्र त्याआधीच उलट सांगत होते. १८४० मध्ये गादीवर आलेल्या चौथ्या फ्रीडरिख विल्हेल्मला हेगेलच्या विचाराचं विषारी बीज बर्लिनमधून उपटायचं होतं. त्यासाठी त्यानं हेगेलचा तरुणपणीचा मित्र आणि नंतरचा प्रतिस्पर्धी, म्हाताऱ्या शेलिंगला बोलावणं धाडलं. १८४१ च्या नोव्हेंबरात शेलिंग व्यासपीठावर उभा राहिला तेव्हा समोर किर्केगार्द, बाकुनिन आणि एंगेल्स बसले होते. आणि हेगेलचा लाडका विद्यार्थी एडुआर्ड गान्स वारल्यावर त्याच्या खुर्चीवर आला फ्रीडरिख युलियस श्टाल, बहुमताला नाही, अधिकाराला माना असं सांगणारा. श्टालच्या मते हेगेलची चूक नेमकी ही की तो राजाचा अधिकार ईश्वरी इच्छेवर न ठेवता विवेकावर ठेवतो. हेगेलच्या राज्यात राजा फक्त 'हो' म्हणतो आणि अक्षरावरचं टिंब देतो. हे टिंबाचं वाक्य वर्गातलं आहे, आणि ते ऐकून राजनिष्ठांना काय वाटलं असेल ते समजतं.

त्या पुस्तकातलं राज्य आणि तेव्हाचा प्रशिया शेजारी ठेवून पाहावेत. पुस्तकात दोन सभागृहांची प्रतिनिधीसभा आहे, उघडे खटले आहेत, ज्यूरी आहे. फ्रेंच कायदा टिकून राहिलेला ऱ्हाइनचा प्रांत सोडला, तर प्रशियात यातलं काही नव्हतं. पुस्तकात ज्यू आधी माणूस आहे, म्हणून त्याला नागरी हक्क द्यायचे, असं बजावलं आहे. प्रस्तावनेत झोडपलेल्या फ्रीसनं १८१६ मध्ये ज्यूंविरुद्ध विखारी पुस्तिका लिहिली होती, हे कळल्यावर ती झोडपणीही मला वेगळी दिसू लागली. तरी एक सांगते. दे व्हेट्टं या प्राध्यापकानं झांडच्या आईला सांत्वनाचं पत्र लिहिलं म्हणून त्याला काढून टाकलं, तेव्हा सरकारला काढायचा अधिकार आहे, फक्त पगार चालू ठेवावा, असं हेगेल म्हणाला. धर्मशास्त्रज्ञ श्लायरमाखर त्यावर संतापला. हेगेलनं दे व्हेट्टंसाठीच्या गुप्त वर्गणीत पैसे टाकले, हेही खरं. अशा वेळी फक्त वर्गणी टाकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि एकदोनदा मीही तेवढंच केलं आहे.

पुढे पहिल्या महायुद्धात इंग्रज समाजशास्त्रज्ञ लिओनार्ड हॉबहाउस लंडनमधल्या हायगेटच्या बागेत हेगेल वाचत बसला असताना जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले. हवाई दलात असलेल्या मुलाला उद्देशून त्यानं लिहिलं की या बॉम्बची मुळं माझ्या हातातल्या पुस्तकात आहेत. दुसऱ्या युद्धात न्यूझीलंडमध्ये बसून तत्त्वज्ञ कार्ल पॉपरनं तीच गोष्ट अधिक कडवटपणे लिहिली. राज्य म्हणजे ईश्वराची पृथ्वीवरची वाटचाल, हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी बसलं. ते हेगेलनं छापलेलं नाही, ते वर्गातल्या टिपणांवरून गान्सनं १८३३ च्या आवृत्तीत जोडलेलं आहे. आणि त्याच परिच्छेदात पुढे आहे ते कुणी सांगत नाही. राज्य ही कलाकृती नाही, ते जगात उभं आहे, लहरीच्या, योगायोगाच्या, चुकीच्या मुलखात. पण अगदी कुरूप माणूस, गुन्हेगार, आजारी, अपंग, तोही जिवंत माणूसच असतो. दोष असूनही जगणं टिकून असतं, आणि इथे त्या जगण्याबद्दल बोलायचं आहे. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिले. ज्या कचेऱ्यांत मी आयुष्य काढलं, त्यांच्याबद्दल मला नेमकं हेच वाटत आलं होतं आणि मला ते कधी म्हणता आलं नव्हतं.

रूढिप्रिय वाचनाचा मला सगळ्यांत भावलेला धागा युद्धानंतरचा आहे. म्युन्स्टरच्या योआखिम रिटर या तत्त्वज्ञानं १९५७ मध्ये दाखवलं की हेगेलचा सगळा विचार फ्रेंच क्रांतीभोवती फिरतो. क्रांतीनं माणसाला आधुनिक हक्क दिले आणि त्याच वेळी त्याला त्याच्या भूतकाळापासून तोडलं. या तुटण्यातून स्वातंत्र्य मिळतं म्हणून ते नाकारायचं नाही, आणि जुन्याशी असलेलं नातंही सोडायचं नाही. रिटरच्या बैठकीतून पुढे आलेले बोक्केनफ्योर्ड जर्मनीच्या घटना न्यायालयाचे न्यायाधीश झाले. मुक्त, धर्मनिरपेक्ष राज्य ज्या गृहीतांवर जगतं त्यांची हमी ते स्वतः देऊ शकत नाही, हे त्यांचं म्हणणं १९६० च्या दशकातलं. माणसांत आधीपासून काही ओलावा असेल तरच कायदा उगवतो, आणि तो ओलावा कायद्यानं पैदा करता येत नाही. इंग्लंडात रॉजर स्क्रूटन या रूढिप्रिय तत्त्वज्ञानं हेगेलमध्ये घर पाहिलं: आपण निवडलेली नसताना आपली असलेली नाती, आणि त्यांच्याबद्दलची निष्ठा.

घराचं नाव निघालं की मात्र मला १६६ वं कलम आठवतं.

त्या कलमात पुरुषाचं खरं आयुष्य राज्यात, विद्येत, कामात आहे आणि स्त्रीचं घरात आहे. वर्गातल्या टिपणांवरून जोडलेला मजकूर त्याहून पुढे जातो. पुरुष आणि स्त्री यांच्यातला फरक प्राणी आणि वनस्पती यांच्यासारखा, आणि स्त्रिया सरकारच्या अग्रभागी आल्या की राज्य धोक्यात, कारण त्या सार्वत्रिक हिताप्रमाणे वागत नाहीत, लहरीप्रमाणे वागतात. मी हे तहसील कचेरीतून निवृत्त झालेली बाई म्हणून वाचत होते. मला दुखलं. अपमानापेक्षा जास्त हे दुखलं की ज्या माणसानं 'आहे' आणि 'खरं' यांत फरक करायला शिकवलं, तो स्वतःच्या दिवाणखान्यापाशी येऊन तो फरक विसरला. त्याच्या काळातल्या बर्लिनमधल्या सुखवस्तू घरात जे होतं, ते त्यानं विवेकाच्या नावावर चढवलं. चावडीवर नोटीस लावली नाही, हरकती मागवल्या नाहीत. रूढिप्रिय वाचक या कलमावरून एक तर पटकन पुढे जातात, किंवा तिथेच घर बांधतात. आणि माझी हरकत ज्या आधारावर उभी आहे तो आधार त्याच पुस्तकात, चाळीसेक कलमं मागे आहे: जे मला पटलेलं नाही ते मान्य न करण्याचा व्यक्तीचा हक्क. प्राचीन जग आणि आधुनिक जग यांच्यामधली कडी हीच, असं तो स्वतः म्हणतो. थोरल्या भावाची रीत त्या पुस्तकात आहे आणि बहिणीचा प्रश्नही आहे. परंपरेच्या नावानं हेगेल सांगणाऱ्यांनी रीत उचलली आणि प्रश्न चावडीबाहेर ठेवला, अशी माझी तक्रार आहे.

त्या बाईचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. नोंद तक्रारीत गेली, सुनावणी झाली, तिचं नाव लागलं. पुन्हा तसं प्रकरण आलं तर पुन्हा तेच होईल, याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नाही. पण त्या वर्षी भाऊबीजेला तिला माहेरचं बोलावणं आलं नाही. पुढच्याही वर्षी नाही. हे तिनंच मला तालुक्याच्या बाजारात भेटल्यावर सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे, मी विचारलं म्हणून. हातात भाजीची पिशवी होती, ती खाली न ठेवताच बोलत होती. रिटर ज्या तुटण्याबद्दल लिहितो, ते मला पुस्तकाआधी त्या बाजारात भेटलं होतं.

मुलगी नोकरीसाठी बर्लिनमध्ये असते, तिच्याकडे गेले तेव्हा दोरोथेएनश्टाटच्या दफनभूमीत गेले. हेगेल तिथे फिख्टेच्या शेजारी आहे, त्याचीच तशी इच्छा होती. विद्यापीठाच्या मुख्य जिन्यापाशी लाल संगमरवरावर सोनेरी अक्षरांत मार्क्सचं वाक्य आहे, जगाचा अर्थ लावणं पुरे, ते बदलायला हवं, असं सांगणारं. १९५३ पासून ते तिथे आहे. अभ्यासवर्गातला तो जुना हेगेल, डोक्यावर उभा असलेला, मला तिथे आठवला. पण मी तिथे पाहायला गेले होते दुसरंच काही, आणि ते पाहण्यासारखं नव्हतं. मला फक्त त्या आवारात उभं राहायचं होतं.

१८३१ च्या नोव्हेंबरात हेगेल त्या विद्यापीठात पुन्हा राज्यविचार शिकवू लागला होता. मधली काही वर्षं ते व्याख्यान गान्सकडे होतं. गान्स सगळ्या पोरांना प्रजासत्ताकवादी करतो आहे, अशी कुरकुर दरबारात होती. त्याआधीच्या वसंतात इंग्लंडच्या संसदेतल्या मतदान सुधारणा विधेयकावर हेगेलनं लेख लिहिला होता. त्यात इंग्रज सरदारांच्या हक्कांची सालटी काढली होती आणि सुधारणेतून क्रांतीचा दरवाजा उघडेल अशी भीतीही होती. त्याचा शेवटचा भाग प्रशियाच्या राजानंच सरकारी वर्तमानपत्रात छापू दिला नाही. म्हातारा दोन्हीकडून अडलेला होता. शहरात पटकी होती. वर्गात व्युर्टेम्बर्गहून आलेला २३ वर्षांचा डाव्हिड श्ट्राउस बसला होता. पुढे १८३७ मध्ये येशूच्या चरित्रावरच्या वादात, हेगेलच्या शिष्यांचे फ्रेंच संसदेसारखे उजवे, डावे आणि मधले असे बाक पाडणारा तो हाच. तेव्हा असे बाक नव्हते. तो फक्त टिपून घेत होता, आणि त्याची ती टिपणं आहेत. शेवटची नोंद अशी, की स्वातंत्र्य हे सगळ्यांत आतलं आहे, आणि त्यातूनच चैतन्याच्या जगाची सगळी इमारत वर येते.

१४ तारखेला, सोमवारी, हेगेल गेला. श्ट्राउसला ते श्लायरमाखरच्या घरी कळलं. त्याच्या तोंडून निघून गेलं, "पण मी त्यांच्यासाठीच तर इथे आलो होतो."